पाचरीवरच्या नऊ रेघा

ओटर लेक, मिशिगन
२ ऑक्टोबर १९८३

हेल्मीबाई,

गाडी मिळाली! शेजारच्या ऑस्करच्या गोठ्यात, गवताच्या गंजीखाली अकरा वर्षं पडून होती. मूळची पिवळी म्हणे, आता रंग कुठला ते उंदरांना विचारावं लागेल. बर्फावर पळणारी स्नोमोबिल म्हणून ऑस्करनं तिची आशा सोडली होती, पण इंजिन एका सिलिंडरचं, साधं, माझ्यासारखं आहे. कुरकुर करतं, पण चालतं. शनिवारी दोरी ओढली, सोळाव्या हिसक्याला सुरू झालं आणि ऑस्करच्या कोंबड्यांनी त्या दिवसापासून अंडी देणं बंद केलंय. तो माझ्याशी बोलत नाही.

आता कामाचं. गाडी मोठ्या माणसाच्या मापाची आहे. तुला तशीच बसवली तर मांजराच्या पाठीवर घोड्याचं खोगीर घातल्यासारखं होईल. म्हणून हँडल खाली आणायचं, सीटचा स्पंज कापायचा, पाय टेकायला लाकडाचे ठोकळे बसवायचे. त्यासाठी तुझी मापं पाठव. खांद्यापासून मुठीपर्यंत, कंबरेपासून टाचेपर्यंत. आणि दोन्ही पंजे कागदावर पसरून भोवती पेन्सिल फिरव. रेस द्यायची कळ उजव्या अंगठ्यानं दाबायची असते, ब्रेक डाव्या बोटांनी. तुझा अंगठा कुठवर पोचतो ते कळल्याशिवाय मी कानस हातात घेणार नाही.

पाचर तयार आहे. बर्चच्या लाकडाची, तुझ्या आईच्या वेळी केली होती तशीच. कळीच्या खाली बसवली की कळ पुरती दाबली जात नाही, गाडी धावणाऱ्या माणसापेक्षा जास्त पळत नाही. पाचरीवर नऊ रेघा आखल्यात. दर वाढदिवसाला एक रेघ तासायची. येत्या जानेवारीत तू दहाची झालीस की पहिली. अठराव्या वर्षी पाचर संपेल आणि मग तू किती जोरात पळतेस ते मला सांगायचं नाही, मी तुला विचारायचं नाही. आपल्या घरचा नियम आहे, तुझी आई सांगेल.

फोन करू नका. खाणीतल्या ड्रिलनं माझे कान कधीच खाल्लेत, फोनवर सगळी माणसं मला कुत्र्यासारखी भुंकताना ऐकू येतात. पत्रच लिही. ख्रिसमसला या. तळं तोवर पक्कं गोठलेलं असेल.

तुझा आजोबा,
तौनो

*

डेट्रॉइट
११ ऑक्टोबर

आजोबा,

मी पत्र तीनदा वाचलं आणि बाबांना जेवताना पण वाचून दाखवलं. मापं आईनं शिवणाच्या टेपनं घेतलीत, मागच्या कागदावर आहेत. पंजे मी स्वतः काढलेत.

गाडीला लाल रंग द्याल का? पिवळा नको. इथली शाळेची बस पिवळी असते.

माझी एक गंमत झालीय. कधीकधी मला एकाचे दोन दिसतात. दोन चंद्र, वर्गात दोन फळे, आणि परवा आमच्या बाई, दोन मिसेस ओल्सन, त्या एकच पुष्कळ आहेत. आई म्हणते चष्मा लागेल. या आठवड्यात माझ्या हातून दुधाचे तीन ग्लास फुटले आणि मी जिन्यावरून पडले. बाबा म्हणाले, ही गाडी चालवणार म्हणजे गोठलेल्या तळ्यावर मासे धरायला बसणाऱ्यांनी आपापल्या झोपड्या उचलून ठेवाव्यात.

नऊ रेघा म्हणजे खूपच आहेत आजोबा. एका वेळी दोन तासल्या तर चालेल का? मी कुणाला सांगणार नाही.

तुमची,
हेल्मी

*

ओटर लेक
२२ ऑक्टोबर

हेल्मीबाई,

दोन रेघा एकदम? तुझ्या आईनंही हेच विचारलं होतं, बाराव्या वर्षी. तिला जे उत्तर मिळालं तेच तुला: नाही. लाल रंग मात्र मिळेल.

मापं चांगली आहेत. पंज्यांबद्दल बोलायचंय. उजवा पंजा तू डाव्या हातानं काढलास, तो वाकडा आला असता तर मी समजू शकलो असतो. तो बरा आलाय. डावा पंजा उजव्या हातानं काढलास आणि त्याची रेघ पाहा, कोंबडी चिखलातून गेल्यासारखी! करंगळीच्या जागी तर रेघ कागदावरून खालीच उतरलीय. टीव्ही बघत बघत काढलास ना? मन लावून केलं नाही तर काम कशाला करायचं?

आणि अक्षरही तसंच. उजवा हात आळशी झालाय तुझा. डेट्रॉइटमध्ये बर्फ यंत्रानं काढतात, लाकडं कुणी फोडत नाही, मग मुलांचे हात भिजवलेल्या पिठासारखे होणारच. या गाडीची कळ जुनी आहे, स्प्रिंग ताठ आहे. पिठाच्या अंगठ्यानं दबणार नाही.

म्हणून सोबत तुझ्या आजीच्या पिशवीतले कपड्यांचे लाकडी चिमटे पाठवतोय, सहा आहेत. रोज उजव्या अंगठ्यानं चिमटा शंभर वेळा दाबायचा. एक दिवसही चुकवायचं नाही. तुला तुझ्या आजीचं नाव दिलंय. ती उणे वीस अंशात उघड्या हातांनी कपडे वाळत घालायची आणि कधी तोंडातून हूं की चूं काढलं नाही.

रडायचं नाही, मोजायचं.

आजोबा

*

डेट्रॉइट
६ नोव्हेंबर

बाबा,

घाईत लिहिते आहे. ख्रिसमसला यायचं जमेलसं वाटत नाही. डेनिसच्या कारखान्यात पाळ्या बदलल्यात, माझीही धावपळ आहे. गाडीची घाई करू नका. एवढ्या थंडीत गॅरेजमध्ये तासन् तास बसू नका.

हेल्मीला पत्र लिहिताना जरा जपून लिहा. ती तुमचा शब्द न् शब्द खरा धरते.

तुम्ही पाठवलेला वेलदोड्याचा पाव मिळाला. तिनं दोन घास खाल्ले.

सिल्वी

*

ओटर लेक
१४ नोव्हेंबर

सिल्वी,

पाव मी मुलीसाठी पाठवला होता, दोन घासांसाठी नाही.

जमेलसं वाटत नाही हे काय उत्तर आहे? गेल्या वर्षी कारखाना बंद होता म्हणून आला नाहीत, यंदा चालू आहे म्हणून येणार नाही. घोडं कुठे पेंड खातंय ते मला ठाऊक आहे. तुला आता आमच्या बर्फाची भीती वाटते. स्वतः अकराव्या वर्षी या तळ्यावर गाडी उधळायचीस, आणि पोरीला मात्र कापसात गुंडाळून ठेवतेस. जपून लिहा म्हणे! मी तिला चार शब्द सुनावले तर ती काय विरघळणार आहे?

हँडल चार इंच खाली आणलंय. सीट कापली. ठोकळे बसवले. लाल रंगाचे दोन हात झाले. आणि आता घाई करू नका!

सरळ सांग काय आहे ते. मी काही काचेचा नाही.

बाबा

*

डेट्रॉइट
२७ नोव्हेंबर

बाबा,

सरळ सांगते.

हेल्मीच्या डोक्यात गाठ आहे. मागच्या बाजूला, मानेच्या जरा वर, अशा जागी की तिथे कुणी सुरी लावू शकत नाही. एकाचे दोन दिसत होते ते त्यामुळे. ग्लास फुटत होते ते त्यामुळे. उजवी बाजू हळूहळू जाते आहे, आधी हात, आता पायही ओढते. तुमच्या कोंबडीची रेघ तिनं टीव्ही बघत काढली नव्हती. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी, जीभ दातात धरून, मन लावून काढली होती. मी समोर बसले होते.

पाच आठवडे रोज किरणोपचार देत होते, ते गेल्या मंगळवारी संपले. डॉक्टर म्हणतात की आता थोडे महिने बरे जातील. मी विचारलं, किती? म्हणाले, वसंतापर्यंत. मी विचारलं, मग? ते चष्मा पुसायला लागले.

तुम्हाला का कळवलं नाही? बाबा, हे मी तुमच्याकडूनच शिकले. आईच्या पोटात कर्करोग आहे हे तुम्हाला मार्चमध्ये कळलं होतं. मला पत्र कधी आलं? ऑगस्टमध्ये. "तुझ्या आईला कालच पुरलं, काळजी नसावी." काळजी नसावी! आपल्या घरात वाईट बातमी पुरती होऊन गेल्याशिवाय पोस्टात पडत नाही. मीही तसंच करणार होते. तुम्ही काचेचे नाही म्हणालात म्हणून लिहिते आहे.

अजून एक आहे. ते लिहू नये असं डेनिस म्हणतो, पण मी लिहिणार. काल तिची चादर बदलताना उशीखाली तुमचे चिमटे सापडले आणि एक वही. रोजची तारीख घालून आकडे लिहिलेत. शंभर. शंभर. शंभर. मग ऐंशी. एकसष्ट. चव्वेचाळीस. एका दिवशी नुसतं "रडले म्हणून परत पहिल्यापासून मोजले." परवाचा आकडा नऊ आहे. मी विचारलं, हे काय? तर म्हणाली, आजोबांना सांगू नकोस, मी अजून सराव करतेय.

मला तुमच्यावर ओरडायचं होतं, पण तुम्हाला ऐकू येत नाही.

सिल्वी

*

ओटर लेक
३ डिसेंबर

सिल्वी,

पत्र गुरुवारी आलं. आज शनिवार. मधल्या दिवसांचं काही सांगता येत नाही.

ऑस्कर येऊन गेला. चूल विझलेली बघून त्यानंच पेटवली. त्याला मी पत्र दिलं. त्यानं वाचलं, घडी घातली आणि कॉफी ठेवली. तासाभरानं तो एवढंच म्हणाला, "तौनो, डावा हात चालतो ना तिचा?"

माफी कशी मागतात ते मला येत नाही. तुझ्या आईजवळही आलं नाही. मी त्या पोरीला पिठाचे हात म्हणालो. रात्रंदिवस तेच एक वाक्य माझ्या डोक्यात फिरतंय, आणि माझे कान बहिरे असले तरी ते ऐकू येतं.

तेव्हा जे येतं ते करतो. डाव्या हाताचा पंजा परत पाठव. तू काढ. अंगठ्याच्या पेरापासून टोकापर्यंत माप वेगळं लिही. ती किती वेळ आधाराशिवाय बसू शकते ते लिही. मान धरते का? टोपी घातलेली सोसते का? आणि केव्हा आणू शकशील? तू म्हणशील तेव्हा मी वाटेतल्या मोठ्या पुलापर्यंत घ्यायला येईन.

मी तिला काही कळू देणार नाही.

बाबा

*

ओटर लेक
५ डिसेंबर

हेल्मीबाई,

एक चूक झालीय, कबूल करतो. ही गाडी तुझ्याबरोबर मलाही चालवायची आहे, आणि माझा उजवा अंगठा संधिवातानं पार लाकूड झालाय. कळ काही दाबली जाईना. म्हणून माझ्या सोयीसाठी मी रेसची कळ डावीकडे नेतोय. ब्रेकही डावीकडे, रेसही डावीकडे. आता उजव्या हातानं नुसतं धरून बसायचं, तेही मनात असलं तर. तुला जरा विचित्र वाटेल, पण म्हाताऱ्या माणसासाठी एवढं चालवून घे.

डावीकडची कळ बाजारात मिळत नाही. आजीची जुनी कॉफीची किटली होती ना, तिचा दांडा कापून कानशीनं घासून केली. आजी वरून बघत असेल तर मला शिव्या घालत असेल.

आणि ते चिमटे परत पाठव. तो सराव वगैरे काही नको आता. माझे कपडे वाळत घालायला चिमटे कमी पडतायत, काल माझा लोकरी लेंगा उडून ऑस्करच्या अंगणात गेला.

तुझ्या हातांबद्दल मी जे लिहिलं ते चूक होतं. तुझे हात चांगले आहेत.

आजोबा

*

डेट्रॉइट
१३ डिसेंबर

आजोबा,

हे आई लिहिते आहे पण बोलतेय मी. मध्ये मध्ये तिला नाक पुसायला थांबावं लागतं, सर्दी झालीय तिला.

पाच चिमटे पाठवतेय. एक ठेवून घेतलाय. डाव्या अंगठ्यानं मी त्र्याहत्तर वेळा दाबू शकते. बाबांनी मोजलं.

तुमच्या अंगठ्याला गरम पाण्यात बुडवा आणि सौनाच्या वाफेत बसा. मला वाईट वाटलं की तो लाकूड झाला. माझं तोंड औषधांनी फुगलंय, तुम्ही मला ओळखलं नाहीत तर मी कोण आहे ते सांगेन.

आम्ही वाढदिवसाला येतोय. २१ जानेवारीला. पहिली रेघ मी बघताना तासायची, आधी तासून ठेवायची नाही.

तुमची,
हेल्मी

*

ओटर लेक
३० डिसेंबर

सिल्वी,

तुझं माप बरोबर होतं. कळ तिच्या अंगठ्याच्या पेराखाली येते.

कार्बोरेटरची स्प्रिंग मला सुद्धा ताठ वाटली. तिचे चार वेढे कापले. पण मग कळ सोडल्यावर परत वर येईना, आणि रेस अडकून राहिली तर गाडी थांबायची नाही. दोन दिवस डोकं धरून बसलो. शेवटी पाच चिमट्यांतल्या एकाची स्प्रिंग काढून कळीच्या मुळाशी बसवली. आता कळ लोण्यासारखी दबते आणि सोडली की उडी मारून परत येते.

झुलत्या खुर्चीची पाठ कापून सीटला लावलीय. तू त्या खुर्चीवर तिला पाजलं होतंस, तुला हरकत नसावी. ऑस्करनं त्याच्या जुन्या ट्रकमधले पट्टे दिले. मी मागे बसेन. इंजिन बंद करायची दोरी माझ्या मनगटाला असेल.

अकरा इंच बर्फ पडलाय. तळ्यावर ऑस्करनं भोक पाडून बघितलं, बर्फ हातभर जाड आहे. मीही बघितलं. मग परत बघितलं.

या.

बाबा

*

डेट्रॉइट
१२ फेब्रुवारी १९८४

बाबा,

आम्ही नीट पोचलो होतो. लिहायला उशीर झाला. पुलापासून पुढे ती झोपली आणि त्यानंतर रोज जास्तच झोपते आहे.

ते चार दिवस तुम्ही दिलेत, ते मी कशात मोजू? लाल गाडीवर पट्ट्यांनी बांधलेली माझी मुलगी, तिच्यामागे तुम्ही, आणि तुम्ही दोघं तळ्यावर एवढ्या हळू चालला होतात की ऑस्करचा कुत्रा कंटाळून पुढे निघून गेला. ती मात्र सगळ्यांना सांगते की आम्ही उडत होतो. नर्सला सांगितलं, पोस्टमनलाही.

एक गोष्ट तुम्हाला माहीत असायला हवी. वाढदिवशी तुम्ही पाचरीची पहिली रेघ तासलीत, ढलपी तिच्या हातात दिलीत. तेव्हा ती म्हणाली होती, आजोबा, बाकीच्याही आत्ताच तासा ना. आणि तुम्ही म्हणालात, "एका वेळी एकच. पुढची पुढच्या वर्षी." मी गॅरेजच्या दारात उभी होते. मला तुमची मान धरून गदागदा हलवावीशी वाटली. मग वाटलं, तोंडातून गेलं असेल, वर्षानुवर्षांची सवय.

परतताना गाडीत ती मला म्हणाली, "आई, आजोबांना माहीत नाही गं."

मी विचारलं, काय माहीत नाही?

"की मला पुढचं वर्ष नाहीये. ते बिचारे पुढच्या रेघेची तयारी करतायत. तू त्यांना सांगू नकोस हं. एकदम झाल्यावरच सांग."

आम्ही तिला कधीच काही सांगितलं नव्हतं. बाबा, दहा वर्षांची आहे ती, आणि तीही आपल्यासारखीच झाली. डेनिसनं गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि उतरून बराच वेळ पाठमोरा उभा राहिला.

आता ती तुम्हाला जपते आहे. मला हे सहन होत नाही.

सिल्वी

*

ओटर लेक
१८ फेब्रुवारी

हेल्मी,

आईला हे पत्र मोठ्यानं वाचायला सांग. सर्दी असली तरी सगळं वाचायचं, मधलं गाळायचं नाही.

मला माहीत आहे. डिसेंबरपासून माहीत आहे. माझा उजवा अंगठा ठणठणीत आहे, संधिवात वगैरे खोटं होतं. कळ तुझ्यासाठी डावीकडे नेली. तुला वाईट वाटू नये म्हणून मी थाप मारली, मग तू मला वाईट वाटू नये म्हणून गप्प बसलीस. आपण दोघं महामूर्ख आहोत. त्यातला मी मोठा, कारण मी वयानं मोठा.

पुढच्या वर्षी असं मी म्हणालो ते मला माहीत नव्हतं म्हणून नव्हे. मला ते हवं होतं म्हणून. तू माझ्याकडे बघितलंस तेव्हाच मला कळलं की चुकलं, पण मला बोलता आलं नाही. तुझी आजी आजारी होती तेव्हाही मी असाच गप्प राहिलो. पाच महिने आम्ही समोरासमोर बसून हवापाण्याच्या गप्पा मारल्या. ती गेली आणि मग मला बोलायचं होतं ते सगळं आठवलं. तुझ्या बाबतीत मी तसं करणार नाही.

म्हणून ऐक. मला फार वाईट वाटतंय, हेल्मी. तू जाणार हे मला अजिबात चालणार नाहीये. माझं काळीज फाटतंय. हे मी आयुष्यात कुणाला म्हटलेलं नाही, तुला म्हणतोय.

आज सकाळी पाचर काढली आणि उरलेल्या आठही रेघा तासल्या. एकदम नाही, नियम तो नियम. एक तासली, कॉफी प्यायलो, मग दुसरी. सगळ्या ढलप्या पाकिटात आहेत, पेन्सिलीनं वर्षं घातलीत. अकरा. तुझी आई या वर्षी झाडाला धडकली होती. बारा. तेरा, या वर्षी तू माझ्याशी अजिबात बोलली नसतीस, सगळ्याच मुली तेराव्या वर्षी तशा असतात. चौदा. पंधरा. सोळाला तू कुणातरी पोराला गाडीवर मागे बसवून तळ्याच्या टोकाला, ऑस्करच्या धरणापर्यंत गेली असतीस आणि मी खिडकीतून बघूनही बघितलं नाही असं दाखवलं असतं. सतरा माझ्या हातून जरा जाड निघाली, डोळ्यांत पाणी होतं. अठरा.

आता पाचर नाही. कळ तळापर्यंत जाते. गाडी तुझी आहे, किती जोरात पळवतेस ते मी विचारणार नाही.

आजोबा

*

डेट्रॉइट
२ मार्च

बाबा,

सगळं वाचलं. मधलं गाळलं नाही.

तिनं डोळे मिटून ऐकलं. मला वाटलं झोपली. मग म्हणाली, "म्हणजे आजोबांनाही माहीत होतं. बरं झालं. एकटीला माहीत असायचा कंटाळा आला होता." त्यानंतर ती खूप रडली, बाबा, या सगळ्या महिन्यांत आमच्यासमोर पहिल्यांदा. मीही रडले. डेनिसही. मग तिनं सूप मागितलं.

ढलप्या तिनं पांघरुणावर ओळीनं लावून घेतल्या. पहिली, दहाची, तिच्याजवळ होतीच. सोळाची डाव्या मुठीत धरून ठेवलीय, आंघोळीलाही सोडत नाही. त्या पोराचं नाव काय ते आजोबांना विचार म्हणाली.

आता मी जे लिहिते आहे ते आपल्या घरात कुणी कधी लिहिलेलं नाही. अजून झालेलं नाही, बाबा. डॉक्टर दोन आठवडे म्हणतात, कदाचित तीन. ती अजून बोलते, हसते, तुमची नक्कल करते. मी आधी कळवते आहे. निघा.

सोबत तिनं एक कागद दिलाय. स्वतःचा उजवा पंजा कागदावर ठेवून डाव्या हातानं भोवती पेन्सिल फिरवलीय. मला म्हणाली, आजोबांना सांग, या वेळी कोंबडी नाहीये. हात अजिबात हलला नाही, म्हणून रेघ छान आली.

सिल्वी

*

ओटर लेक
२५ नोव्हेंबर १९८४

सिल्वी,

काल पहिला मोठा बर्फ पडला. गाडीवरचं कापड काढलं. उन्हाळाभर मी त्या गॅरेजकडे फिरकलो नव्हतो.

ऑस्करची भाची आली होती, तिचा मुलगा आठ वर्षांचा आहे. कळ परत उजवीकडे घेतली तर त्याला गाडी होईल का, असं तिनं चांगल्या मनानं विचारलं. मी पाना हातात घेतला. मग खाली ठेवला. त्याच्यासाठी दुसरी बनवीन म्हणालो. ऑस्करनं कुठल्या गोठ्यात आणखी एखादी पडलीय का ते बघायला ट्रक काढला.

मग मी एकटाच तळ्यावर चक्कर मारून आलो. ठोकळे काढले नाहीत, त्यामुळे गुडघे हनुवटीला लागतात, बेडकासारखा दिसत असेन. वेग द्यायचा म्हटलं की उजवा अंगठा आपोआप दाबला जातो. तिथं काहीच नाही. दर वेळी तो रिकाम्या जागेवर पडतो आणि दर वेळी मला नव्यानं आठवतं. ऑस्करच्या धरणापाशी थांबून मी मोठ्यानं रडलो. ऐकू आलं नाही, पण रडलो.

तुझ्या त्या पत्रामुळे मला तेरा दिवस मिळाले. तेरा दिवस मी तिच्या खाटेशी बसलो, त्या पोराचं नाव काय असावं यावर आम्ही भांडलो, आणि शेवटच्या सकाळी तिचा हात माझ्या हातात होता. तुझ्या आईच्या वेळी मी तुझे पाच महिने घेतले. ते परत देता येत नाहीत.

म्हणून हे आधीच लिहितो. गेल्या महिन्यात डॉक्टरांनी छाती तपासली. हृदयाची एक झडप नीट मिटत नाही. किती दिवस ते त्यांनाही ठाऊक नाही, वर्ष म्हणाले, दोन म्हणाले. अजून काही झालेलं नाही.

ख्रिसमसला या. चालव तू, मी मागे बसेन. डाव्या अंगठ्याची सवय व्हायला थोडा वेळ लागतो.

बाबा